दाराआडची वर्दी

२०२५ सालच्या जानेवारीत आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू माझ्या घरी होते, हे पुष्कळ जणींना आठवत असेल. वाण लुटून झाले होते, चहाचे पातेले शेगडीवर होते, आणि दारात महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात कागदांची चळत, दुसरीच्या हातात पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी या भागांत जीबीएस नावाच्या त्या विचित्र आजाराचे रोगी निघाले होते. हातापायांना मुंग्या येतात आणि बघता बघता पाय लुळे पडतात, एवढेच आम्ही वर्तमानपत्रांत वाचले होते. मुलीने विचारले, "घरात गेल्या पंधरा दिवसांत कोणाला जुलाब? ताप? चालताना पायांत अशक्तपणा?" आम्ही अकरा बायका बसलो होतो. अकराही जणी एका सुरात म्हणालो, "नाही हो, आमच्याकडे सगळे बरे आहेत."

मुली पुढच्या बिऱ्हाडाकडे गेल्या, दार लागले, आणि चहा घेताना हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. एकीच्या नातवाला तीन दिवस जुलाब होत होते. दुसरीच्या दिरांना तेच. तिसरीच्या सुनेने तर रजाच काढली होती. मग आपण सगळ्या खोटे का बोललो? कोणी म्हणाली, उगाच नसता घोळ. कोणी म्हणाली, नाव लागले की साऱ्या इमारतीत बोभाटा. मी काहीच बोलले नाही, कारण माझे मला एक जुने दुखणे आठवले होते. ते पुढे सांगेनच.

यंदा संपादिकाबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला आणि विषय माझ्यावर सोडला, तेव्हा त्या दुपारचा तो एका सुरातला "नाही" माझ्या कानात होता. साथ आली की सरकारला वर्दी कशी पोचते, पोचल्यावर सरकार काय करते, आणि सरकार काय करते त्यावरून पुढची वर्दी येते की दाराआड राहते, याचा आपल्या गावाइतका मोठा इतिहास दुसऱ्या कोणत्या गावाला क्वचितच असेल. त्यातले जे मला ठाऊक आहे ते सांगते.

आरंभ मुंबईला होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे गोव्याकडचे डॉक्टर रोगी पाहत होते. जबर ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि चार-दोन दिवसांत मृत्यू, असे रोगी त्यांना एकामागून एक दिसू लागले. हाँगकाँगच्या साथीत १८९४ साली या रोगाचा जंतू सापडला होता, हे त्यांना माहीत होते. ते स्वतः म्युनिसिपालिटीचे सभासद होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीपुढे उभे राहून सांगितले की हा गाठीचा प्लेग आहे. आजच्या भाषेत ज्याला साथीचा इशारा म्हणतात, तो हाच. त्या काळी ना तक्ते होते ना यंत्रे. एका डॉक्टरचे डोळे आणि खरे बोलण्याची तयारी, एवढ्यावर तो दिला गेला. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मुंबईला जाणाऱ्यांनी एकदा थांबून पाहावा.

आता पुढचे पाहा. मुंबई हे बंदर. प्लेग हा शब्द उच्चारला की युरोपातली बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापसाचा व्यापार बसणार. म्हणून पहिले काही दिवस सरकारी तोंडातून तो शब्द निघेना. संशयास्पद ताप वगैरे मोघम भाषा चालली. म्हणजे वर्दी लपवण्याचे पहिले पाप घरातल्या बायकांनी केले नाही, ते कचेरीत झाले, हे मी मुद्दाम नोंदवते. मग मात्र एकाएकी दुसरे टोक गाठले गेले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की प्लेगचा रोगी सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात न्यायचे, घर धुऊन काढायचे, लोकांना वेगळे ठेवायचे. परिणाम काय झाला? त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी समजूत घरोघर पसरली होती. शहरातले सफाई कामगार निघून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, ही धास्ती खुद्द स्नोसाहेबांना पडली, आणि महिना सरायच्या आत हुकूम सैल करावा लागला. पण विश्वास गेला तो गेलाच. रोगी लपवले जाऊ लागले, आणि ज्यांना जमले त्यांनी शहर सोडले. सुमारे आठ लाखांची मुंबई फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी रिकामी झाली. पळणाऱ्यांच्या गाठोड्यांतून प्लेगही गावोगाव गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. चार कलमांचा एवढासा कायदा, पण त्याने सरकारला जवळजवळ वाटेल ते करण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात पुण्याला रँडसाहेब आले, आणि मार्चमध्ये घराघरांच्या झडत्या सुरू झाल्या. तीन गोरे सोजीर आणि बरोबर एक देशी गृहस्थ, अशी तुकडी वाड्यात शिरे. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, काही वर्ज्य नव्हते. काखा-जांघा तपासायच्या म्हणून बायकांना पुरुषांसमोर उभे केले जाई. सामान अंगणात काढून जाळायचे, जमीन खणायची, कौले काढून उजेड पाडायचा, भिंतींना चुना मारायचा. रोगी इस्पितळात, आणि घरातली बाकीची माणसे शहराबाहेरच्या छावणीत. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला कसा झाला, हा भाग शाळेत सर्वांनी शिकलेला आहे. म्हणून तो मी येथे उगाळीत नाही. मला त्या झडत्यांच्या आतली बाजू सांगायची आहे, कारण ती आमच्या घरात घडली.

माझी पणजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. शुक्रवार पेठेत भाड्याचे बिऱ्हाड, पदरात तीन वर्षांची मुलगी, आणि त्या मुलीला दोन दिवसांचा ताप. तुकडी गल्लीत शिरल्याची कुजबूज झाली तशी पणजीने मुलीला गाद्यांच्या वळकटीमागे निजवले, पुढे सूप घेऊन तांदूळ निवडत बसली, आणि सोजीर आत आले तरी जागची हलली नाही. मुलगी रडली नाही. सोजीर गेले. ताप साधा होता, चौथ्या दिवशी उतरला. तीच मुलगी पुढे माझ्या आजीची थोरली बहीण. ही गोष्ट आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या शौर्यकथा म्हणून सांगितली गेली, आणि मीही लहानपणी ती तशीच ऐकली. मोठेपणी मात्र मनात आले, ताप प्लेगचा असता तर? त्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती. त्याच आठवड्यात पुण्यात आणखी कितीतरी बायका अशाच सूप घेऊन बसल्या असतील, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पाठीमागे खरोखरचा प्लेग निजलेला असेल. पणजीला मी दोष देत नाही. मुलीला नेले तर ती परत दिसेल याची हमी तिला कोणी दिली होती?

हमी देणारी माणसे नव्हतीच असे नाही. हडपसरला ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचा प्लेग झालेला मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणला, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्या सुरू होण्याच्या थोडेसेच आधीची ही गोष्ट. रोगी दोन्हीकडे घरातून उचललाच जात होता. पण एके ठिकाणी न्यायला आई येत होती आणि दुसरीकडे संगीन.

आणखी एक बाई बोलली, ती पंडिता रमाबाई. प्लेगच्या इस्पितळात त्यांच्या आश्रमातल्या एका मुलीचे काय झाले याविषयी त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड पत्र लिहिले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनीही पुण्यातल्या बायकांवरच्या अत्याचारांची वाच्यता केली. परंतु पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, आणि मुंबईच्या बंदरात पाऊल ठेवल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्या घरातून तापाची बातमी बाहेर पडत नव्हती, त्या घरातून अब्रूची बातमी कशी बाहेर पडणार? गोखल्यांचे ते माफीपत्र वाचताना मला नेहमी त्यांच्यापेक्षा त्या न बोललेल्या बायकांचेच वाईट वाटते.

मुंबईलाही धडा पुरता शिकला गेला नव्हता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या घरातून एका आजारी मुलीला न्यायला पथक गेले. घरच्यांनी अडवले, दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर मात्र सरकारने हळूहळू हात आखडता घेतला. सक्तीऐवजी समजावणे, जातीजातींची आपापली इस्पितळे, हाफकिनसाहेबांची लस ज्याला हवी त्याला, असे धोरण आले. हे हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले आणि अवघ्या तीन महिन्यांत, १० जानेवारी १८९७ रोजी, त्यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. आपण मंडळात नवा पदार्थ करतो तेव्हासुद्धा पहिला घास दुसरीलाच देतो!

आणि या सगळ्यातला सर्वांत कडू भाग असा की, ती जमीन खणणे, ते सामान जाळणे बहुतांशी वायाच गेले. प्लेग जमिनीत आणि घाणीत बसतो अशी तेव्हा साहेबांची समजूत. उंदरावरच्या पिसवा तो माणसापर्यंत आणतात हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. आपल्याकडच्या बायकांना मात्र 'उंदीर पडले' याचा अर्थ तोवर पाठ झाला होता. माळ्यावर, कोठीत मेलेले उंदीर दिसू लागले की गाव उठे आणि रानात झोपड्या बांधून राही. माझ्या आजीने आपल्या लहानपणी असे दोन हिवाळे झोपडीत काढले होते. म्हणजे खरी वर्दी कोठीत झाडू मारणाऱ्या बाईपाशी सर्वांच्या आधी येत होती; तिला विचारायला कोणी गेले नाही. एक कोटीहून अधिक माणसे या देशात त्या साथीत गेली.

आता पंचाहत्तर वर्षे ओलांडून देवीच्या रोगाकडे येते, कारण तिथे हेच सारे उलटे करून पाहिले गेले. तोवर साऱ्या जगातून देवी घालवायच्या असे ठरले होते आणि भारत हा सर्वांत अवघड प्रांत समजला जाई. १९७४ साली एकट्या आपल्या देशात देवीचे १,८८,००३ रोगी नोंदले गेले, त्यांतले ३१,२६२ दगावले. सर्वांत भयंकर स्थिती बिहारात होती. सर्वांना टोचून साथ थांबत नाही असे अनुभवास आल्यावर रीत बदलली. महिन्यातून एकदा आरोग्य खात्याची माणसे घरोघर जात, देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवीत, आणि एवढेच विचारीत, "असे कोणी पाहिलेत का?" रोगी सापडला की त्याला ओढून न नेता घरीच ठेवायचे, दारावर पहारेकरी बसवायचा, आणि भोवतालच्या सगळ्या घरांना लस टोचायची.

अडचण आपल्या ओळखीचीच होती. देवी आल्या म्हणजे घरात देवीच पाहुणी आली; कडुलिंबाचा डहाळा लावायचा, तळण करायचे नाही, आणि बाहेर बोलायचे नाही. त्या वेळी मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात नवी मास्तरीण होते. खात्याचा कार्यकर्ता माझ्या वर्गात आला, त्याने चित्र सर्व मुलांपुढून फिरवले. मोठी माणसे लपवतात पण मुले सांगतात, हे त्यांना कळून चुकले होते. आमच्या गावात रोगी नव्हता. पण चित्र पाहून एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्या मावशीच्या गावाला असं पोर हाय." कार्यकर्ता सायकलवरून तसाच त्या गावाला गेला. त्या निघाल्या कांजिण्या, तरीही दुसऱ्या दिवशी येऊन त्याने त्या मुलाला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' ही गेरूने रंगवलेली अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना तो काळ आठवेल. हजार रुपये म्हणजे तेव्हा माझा कित्येक महिन्यांचा पगार! बक्षीस लहान रकमेपासून वाढवत तिथवर नेले होते. रोगी जितके कमी होत गेले तितकी बातमी मोलाची होत गेली. काही ठिकाणी रात्री दारे फोडून लोकांना टोचले गेले, हेही खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडलेली सैबान बीबी ही देशातली शेवटची रोगी ठरली, आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मान्य केले.

१९९४ ची हकीकत थोडक्यात. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी उंदीर पडले, पिसवा फार झाल्याची तक्रार आली, मग गाठीच्या तापाचे संशयित रोगी निघाले. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. काही खाजगी डॉक्टरसुद्धा पळाले. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण परदेशांनी आपली विमाने आणि माल अडवला, तो घाव फार मोठा होता. त्यानंतर सरकार जागे झाले, आणि २००४ मध्ये साथरोगांवर नजर ठेवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. तिची रीत सांगितली तर सोपी आहे. उपकेंद्रातली परिचारिका गावात किती तापाचे, किती जुलाबाचे रोगी झाले हे लिहिते. डॉक्टर आपला संशय लिहितो. प्रयोगशाळा आपला निकाल लिहिते. हे तीन कागद पूर्वी आठवड्याला एकदा जिल्ह्यावर जात, आता संगणकातून रोज जातात. आकडा नेहमीपेक्षा चढला की पथक निघते, खरे-खोटे पडताळते, नमुने घेते आणि घरोघर हिंडते. पण तिन्ही कागदांतला पहिला आकडा कोणाच्या तरी घरातून यावा लागतो, आणि दार उघडणारी बहुधा आपल्यातलीच एक असते.

आता माझे दुखणे. २०२० च्या जूनमध्ये आमच्या घरी यजमानांना ताप आला. त्या दिवसांत तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू होता. आमच्या मागच्या गल्लीला पत्रे ठोकलेले मी रोज गच्चीतून पाहत होते. एका बिऱ्हाडाच्या दाराला कागद चिकटवला तर दूधवाल्याने त्या मजल्यावर येणे सोडले होते. मी चार दिवस कोणाला कळवले नाही. वासाच्या गोळ्या, काढा, वाफ, सगळे दार लावून. स्वयंपाकाच्या बाई नुकत्याच पुन्हा येऊ लागल्या होत्या. त्यांनाही सांगितले नाही, सुट्टीही दिली नाही, कारण सुट्टी दिली तर कारण सांगावे लागले असते. पाचव्या दिवशी यजमानांना दम लागला तेव्हा इस्पितळ गाठले. ते बरे झाले. बाईंना ताप आला, त्यांच्या घरात तिघांना आला, आणि त्यांच्या सासूबाई गेल्या. तो आजार आमच्याकडूनच त्यांच्या घरी गेला असे कोणी सिद्ध करून दाखवणार नाही. बाईंनी मला एका शब्दाने विचारले नाही. त्या अजून माझ्याकडे येतात. मीच एकदा दिवाळीत त्यांना सगळे सांगितले, तेव्हा त्या पोळी लाटत होत्या. लाटणे थांबले, मग पुन्हा चालू झाले.

पणजीच्या सुपाची गोष्ट मी तेव्हापासून नातवंडांना शौर्यकथा म्हणून सांगत नाही.

असो. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी त्या आरोग्य खात्याच्या मुली आमच्याच रस्त्यावर होत्या. मी त्यांना हाक मारून वर बोलावले. ज्या तीन घरांत जुलाब होते तिथल्या मैत्रिणींना मी आदल्या रात्रीच फोनवर विचारून ठेवले होते. दोघी हो म्हणाल्या, एकीने दिवसभर विचार करून संध्याकाळी स्वतःच फोन केला. मुलीने वये लिहून घेतली, कोणाचे पाणी कुठून येते ते विचारले. विहिरीचे पाणी नळाला येणाऱ्या वस्त्यांतून असेच नमुने गोळा होत होते, आणि काही रोग्यांच्या शौचाच्या तपासणीत आपल्या पुण्यातल्याच विषाणू संस्थेला पोटात जाणारे जंतू सापडलेही होते. इस्पितळांतल्या डॉक्टरांना एकाच भागातून इतके रोगी येताना दिसले म्हणून तर हा सारा शोध सुरू झाला होता. व्हिएगसांचीच परंपरा ती! पुढे त्या साथीत दोनशेहून अधिक माणसांची नोंद झाली.

मी तिला विचारले, "दारावर काही चिकटवणार का गं?"

"नाही हो आजी, आम्ही काय चिकटवणार? पाणी तपासणार फक्त." तिने टाकीखालच्या नळाची बाटली भरली, वर चिठ्ठी लावली. मी तिळगूळ दिला, तो तिने घेतला. पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा मात्र जरा घुटमळली आणि संकोचाने म्हणाली, "उकळलेलं आहे ना?"